घर बोलावते तेव्हा : ‘द हॉन्टिंग’ (१९६३) आणि रक्त न सांडता वाटणारी भीती

संधिकाल

‘द हॉन्टिंग’ या १९६३ सालच्या कृष्णधवल चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. कोणावर शस्त्र चालत नाही, आणि त्या घरात पूर्वी झालेले मृत्यू सुरुवातीच्या निवेदनात काही मिनिटांत सांगून होतात. तरीही ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे त्यांच्या मनातून त्यातले दोन-तीन प्रसंग जात नाहीत. याचे श्रेय साधारणपणे ‘न दाखवण्याच्या’ तंत्राला दिले जाते. ते खरे आहे, पण मला अपुरे वाटते. काहीही न दाखवणारे कितीतरी भयपट आपण पाहतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. हा विसरला जात नाही, कारण त्यातले घर नायिकेला जितके घाबरवते तितकेच ते तिला हवेसे वाटते, आणि का हवेसे वाटते हे आपल्याला पुरते कळलेले असते. या मुद्द्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. पुढे शेवट उघड होणार असल्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा, अशी विनंती.

शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून नेल्सन गिडिंग यांनी पटकथा लिहिली आणि रॉबर्ट वाइज यांनी दिग्दर्शन केले. न्यू इंग्लंडमधल्या नव्वद वर्षे जुन्या हिल हाउसमध्ये अतींद्रिय अनुभवांचे अभ्यासक डॉ. मार्कवे काही माणसांना बोलावतात. प्रत्यक्षात दोघीच येतात, एलिनॉर आणि थिओडोरा. घराचा भावी वारस ल्यूक हा चौथा.

मुंबईतल्या वाचकाने एलिनॉरच्या पहिल्या प्रसंगाकडे नीट लक्ष द्यावे, असे मला वाटते. अंथरुणाला खिळलेल्या आईची तिने वर्षानुवर्षे सेवा केली आहे. आई गेल्यानंतर ती बहिणीच्या घरी, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपते. गाडीच्या किमतीत तिचा अर्धा वाटा आहे, तरी गाडी हवी म्हटल्यावर बहीण आणि मेहुणे तिला लहान मुलीसारखे गप्प करतात. या प्रसंगात भयपटाचे काहीही नाही, पण पुढची सगळी भीती इथेच पेरली गेली आहे. वन रूम किचनमध्ये थोरल्या भावाच्या किंवा बहिणीच्या संसारात, हॉलमधल्या दिवाणावर वर्षे काढलेली एखादी अविवाहित आत्या किंवा मावशी आपल्यापैकी अनेकांच्या घरात होती. सगळे झोपायला गेल्याशिवाय तिला अंथरूण घालता येत नसे. एलिनॉर तीच आहे. म्हणूनच थिओडोराला ती आपली स्वतःची छोटी जागा असल्याचे खोटेच सांगते तेव्हा तिच्याविषयी राग येत नाही, पोटात तुटते.

अशा बाईला एक घर नावाने हाक मारते. एके दिवशी भिंतीवर खडूने लिहिलेले आढळते की एलिनॉरला घरी यायला मदत करा. हे वाक्य धमकीचे नाही, स्वागताचे आहे, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपटातली सर्वांत भयंकर गोष्ट तीच आहे. ज्याला कोणीच बोलावत नाही त्याला नको त्या जागेतून बोलावणे आले, तर तो ते नाकारू शकेल का?

लालबागकर

संधिकालताई, लेख मनापासून आवडला. सोफ्याचा मुद्दा मी कधी जोडून पाहिला नव्हता, पण आता तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्या मनात कायमचा राहिलेला प्रसंग हाताचा आहे. अंधारात एलिनॉर झोपली आहे, भिंतीपलीकडून पुटपुटणे आणि लहान मुलाचे रडणे ऐकू येते, आणि कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीकडे इतका वेळ पाहत राहतो की आपल्याला त्या पानाफुलांत चेहरा दिसू लागतो. थिओडोराने हात घट्ट धरला आहे, तो सोडू नये, असे एलिनॉर मनात म्हणत असते. अखेर ती किंचाळते, दिवा लागतो, आणि थिओडोरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. मग आपण इतका वेळ कोणाचा हात धरला होता, हा प्रश्न ती विचारते आणि प्रसंग संपतो. त्या भिंतीवर चेहरा कोणी कोरलेला नव्हता, तो माझ्याच डोळ्यांनी तयार केला होता, हे पुढच्या वेळी पाहताना लक्षात आले, तरी तो पुन्हा दिसलाच.

ध्वनिवेध

मी अंधेरीतल्या डबिंग आणि फोलीच्या (पडद्यावरच्या हालचालींचे आवाज वेगळे तयार करण्याच्या) कामात बरीच वर्षे आहे, त्यामुळे या चित्रपटाच्या आवाजाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पहिल्या रात्रीचा प्रसंग घेऊ. दोघी एका खोलीत, दार बंद, आणि बाहेरच्या लांबलचक मार्गिकेत काहीतरी दारे ठोठावत येत आहे. चित्रपटाचा ध्वनी मोनो आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच ट्रॅकवर. आज आम्ही असा आवाज डावीकडच्या स्पीकरमधून उजवीकडे फिरवतो, मागच्या भिंतीतून आणतो, प्रेक्षकाच्या डोक्यावरून नेतो. या चित्रपटात यातले काहीही नाही. मग आवाज जवळ आला, दारापाशी थांबला, चौकटीच्या कडेने वर सरकला, हे आपल्याला कसे कळते? ते कळते नटींच्या नजरेवरून आणि कॅमेऱ्याच्या हालचालीवरून. त्या जिकडे पाहतात तिकडे आवाज आहे असे आपले कान ठरवतात, आणि कॅमेरा दाराच्या कडेवरून सावकाश फिरतो तेव्हा पलीकडचे काहीतरी तीच कड चाचपत आहे अशी आपली खात्री होते. दिशा ध्वनीत नाही, चित्रात आहे. पुढे दाराची मूठ हलते, तेव्हा मला माझ्या घराच्या दाराकडे एकदा पाहावेसे वाटते.

दुसरी गोष्ट चित्रीकरणाची. वाइज यांनी ठोक्यांचे आवाज आधी तयार करून घेतले होते आणि ते सेटवर वाजवले होते. सर्वसाधारणपणे नट शांततेत घाबरण्याचा अभिनय करतो आणि आवाज नंतर भरले जातात. इथे एलिनॉर झालेल्या ज्यूली हॅरिस आणि थिओडोरा झालेल्या क्लेअर ब्लूम यांच्या कानावर प्रत्यक्ष काहीतरी पडत होते. दचकण्याची वेळ, श्वास अडकण्याची जागा, एका ठोक्यानंतरची दुसऱ्या ठोक्याची वाट पाहणे, हे सगळे त्यामुळे जुळून आले आहे. नंतर बसवलेल्या आवाजात नटाची नजर बरेचदा किंचित उशिरा वळते. प्रेक्षकाला ते सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास मात्र तेवढ्याने उडतो.

आता संधिकालताईंच्या मुद्द्याकडे येतो, कारण ठोक्यांचा त्याच्याशी थेट संबंध आहे. एलिनॉरची आई तिला बोलावण्यासाठी भिंतीवर ठोकत असे, आणि ज्या रात्री ती गेली त्या रात्री एलिनॉर उठली नाही. हिल हाउसच्या इतिहासातही असेच घडले आहे. घराच्या पहिल्या मालकाची मुलगी ॲबिगेल म्हातारपणी भिंतीवर काठी आपटून सोबतिणीला बोलावत राहिली, आणि सोबतीण आली नाही. म्हणून पहिल्या रात्री ठोके सुरू होतात तेव्हा अर्धवट झोपेत एलिनॉर आईलाच उत्तर देते की येते मी. मग तिला आठवते की आई आता नाही. आवाज निर्माण करण्याच्या धंद्यात असल्यामुळे मी हे जबाबदारीने सांगतो की ठोका स्वतः भीतिदायक नसतो. मुंबईत शेजारच्या घरातली फोडणी, खलबत्ता, भांडण आणि रात्री उशिरा ओढली जाणारी खुर्ची आपण भिंतीतून ऐकतच असतो. त्या प्रत्येक आवाजाला मालक असतो, म्हणून आपण निश्चिंत झोपतो. वाइज यांनी ठोक्याचा मालक काढून घेतला आणि त्या जागी एलिनॉरची अपराधी भावना ठेवली.

अंतर दाखवण्यासाठी आवाजाचा असा विचार आपल्या मुंबईतही झालेला आहे. १९४९ सालचा ‘महल’ हा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, मालाडचा. त्यातल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याचे सुरुवातीचे शब्द दुरून जवळ येत आहेत असे वाटावे म्हणून लताबाईंनी खोलीच्या कोपऱ्यातून गायला सुरुवात केली आणि गात गात त्या मधोमध ठेवलेल्या मायक्रोफोनपाशी आल्या, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. यंत्राने आवाज कमी-जास्त करून हा परिणाम येत नाही. माणूस दूर असताना खोलीच्या भिंतींवरून परतलेला आवाज जास्त आणि गळ्यातून थेट आलेला कमी असतो, आणि तो जवळ येतो तसे हे प्रमाण उलटते. कानाला हे प्रमाण ओळखता येते. ‘महल’मध्ये रक्त नाही, ओरडा नाही, नुसती एक गाणारी बाई आपल्या दिशेने येत आहे.

क्षितिज_पार्ले

ध्वनिवेधदादांनी आवाजाविषयी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. ‘महल’शी तुलना मात्र एका ठिकाणी थांबते. तिथे अखेरीस कळते की ते भूत नसून माळ्याची मुलगी आहे, आणि भीतीचे रूपांतर एका शोकांतिकेत होते. हिल हाउसमध्ये असा खुलासा नाही.

चित्राच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. वाइज यांना नेहमीपेक्षा अधिक विस्तृत कोनाचे भिंग हवे होते. भिंगे बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीकडे ३० मिलिमीटरचे एक भिंग तयार होत होते, पण त्यातून प्रतिमा वेडीवाकडी येत असल्यामुळे कंपनी ते वापरायला द्यायला तयार नव्हती. दोष ठाऊक असून आपण ते वापरत आहोत, असे लिहून देऊन वाइज यांनी ते घेतले. हिल हाउसच्या मार्गिका कडेला किंचित वाकतात, दाराच्या चौकटी सरळ असूनही सरळ वाटत नाहीत, त्याचे कारण हे भिंग आहे. गंमत म्हणजे कथेतही डॉ. मार्कवे सांगतात की या घरात एकही कोपरा काटकोनात नाही. पात्राने जे सांगितले ते भिंगाने आपल्याला डोळ्यांनी दिले. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण नुसते ऐकलेले आपण विसरतो, पण तिरपा मजला आपल्या तोलाला जाणवत राहतो.

दुसरे म्हणजे प्रकाश. हे घर अंधारे नाही. बैठकीची खोली, जिना, झोपण्याच्या खोल्या उजळलेल्या आहेत आणि पडदे, पुतळे, कोरीवकाम, आरसे, बैठकीची झालर यांनी खच्चून भरलेल्या आहेत. सेटची रचना करणाऱ्या एलियट स्कॉट यांनी सेटला छतेही दिली होती, त्यामुळे कॅमेरा खालून पाहतो तेव्हा वर मोकळी जागा न दिसता आणखी कोरीवकाम दिसते. अंधारात काही लपले असेल ही भीती सोपी आहे. लख्ख उजेडात इतक्या वस्तू समोर आहेत आणि त्यातली नेमकी कोणती आपल्याकडे पाहत आहे हे ठरवता येत नाही, ही भीती वेगळी आहे. लालबागकरांना नक्षीत चेहरा दिसला तो यामुळेच. बाहेरून घर दाखवताना मात्र वॉरिकशरमधल्या एटिंग्टन पार्कच्या वाड्याचे चित्रीकरण इन्फ्रारेड फिल्मवर केले आहे. त्यामुळे आकाश काळवंडते आणि दगडाचा पोत अंगावर येतो.

उत्तरमुंबईकर

सर्वांचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. हा चित्रपट मला अर्धाच आवडला. एलिनॉरचे स्वगत फार आहे. ती काय विचार करते हे तिच्या चेहऱ्यावर दिसत असताना तेच पुन्हा ऐकवायची गरज नव्हती. शिवाय वाचनालयातल्या गोल लोखंडी जिन्याच्या वर झडपेतून अचानक डॉ. मार्कवेंच्या पत्नीचा चेहरा येतो, तो सरळसरळ दचकवण्याचा प्रकार आहे. इतका संयम पाळलेल्या दिग्दर्शकाला तिथे मोह आवरला नाही, असे माझे मत आहे.

संधिकाल

उत्तरमुंबईकर, झडपेच्या प्रसंगाविषयी मी तुमच्याशी बरीचशी सहमत आहे. त्याला एक परंपरा आहे एवढेच सांगते. वाइज यांना दिग्दर्शनाची पहिली संधी आरकेओ या हॉलिवूडच्या स्टुडिओत निर्माते व्हॅल ल्यूटन यांनी दिली. ल्यूटन यांच्या १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’मध्ये रात्री एकटी चालणारी स्त्री पाठलागाच्या भीतीने थबकते आणि श्वापदाच्या गुरगुरण्यासारखा आवाज करत बस समोर येऊन थांबते. धोका नसलेल्या गोष्टीने दचकवण्याची ती युक्ती पुढे असंख्यांनी वापरली. झडपेतला चेहराही त्याच जातीचा आहे, कारण ती जिवंत, वाट चुकलेली, स्वतःच घाबरलेली बाई आहे.

स्वगताबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ते काढून टाकले तर आपण एलिनॉरला बाहेरून पाहू, तिची कीव करू आणि सुरक्षित राहू. स्वगतामुळे आपण तिच्या डोक्यात अडकतो. तिचे विचार कधी शहाणे, कधी पोरकट, कधी डॉ. मार्कवेंविषयीच्या वेड्या आशेने भरलेले असतात आणि हळूहळू त्यांतले ‘मी आणि हे घर’ वेगळे काढता येईनासे होते. हा बदल कोणत्या क्षणी झाला हे मी दाखवू शकत नाही, आणि चित्रपटाचे खरे कौशल्य मला तिथे दिसते. शेवटी तिचा आवाजच घराचा होतो. सुरुवातीला डॉ. मार्कवेंच्या आवाजात आलेले निवेदन अखेरीस एलिनॉरच्या आवाजात येते, आणि तिथे वावरणाऱ्यांविषयी बोलताना ती ‘आम्ही’ म्हणते. तिला घर मिळाले, आणि तिथेही आम्ही एकटेच वावरतो असे तीच सांगते. स्वगताची सवय आधी लावलेली नसती तर या एका शब्दाने काहीही झाले नसते.

शुश्रूषा

मी या संस्थळावर वाचते, लिहीत क्वचितच. आईच्या दीर्घ आजारपणात तिच्याजवळ मी होते. ती पलंगाच्या कठड्यावर वाटीने आवाज करून बोलवायची. ती गेल्यानंतरही कितीतरी काळ स्वयंपाकघरात वाटी पडली की मी उठून तिच्या खोलीकडे चालू लागायचे. त्यामुळे एलिनॉर झोपेत आईला उत्तर देते तो क्षण मला इतरांपेक्षा वेगळा लागला असावा.

एक निरीक्षण नोंदवते. आईच्या मृत्यूच्या रात्री आपण ठोके ऐकले होते की नव्हते, हे एलिनॉरला स्वतःलाच सांगता येत नाही. झोप लागली असेल, किंवा ऐकू येऊनही ती पडून राहिली असेल. रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसाच्या मनात एक दमलेला कोपरा असतो आणि त्याविषयी तो कोणाशीही बोलत नाही. आपल्याकडे तर मुळीच नाही, कारण सेवा करणाऱ्या मुलीचे कौतुक करताना तिने थकूच नये अशी अपेक्षा त्यात गृहीत असते. चित्रपट त्या कोपऱ्याला हात घालतो आणि तिला दोषीही ठरवत नाही, निर्दोषही सोडत नाही. रक्तपाताचे दृश्य असते तर मी डोळे मिटून घेतले असते. इथे मिटायला काही नव्हते.

ध्वनिवेध

शुश्रूषाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी तो प्रसंग आत्ताच पुन्हा ऐकला. एलिनॉर उत्तर देते तेव्हाचे पहिले ठोके खरोखरच भिंतीवरच्या ठोक्यांसारखे, घरगुती आहेत. ती पूर्ण जागी झाल्यावर ते मोठे होतात. तुम्ही लिहिलेत म्हणून हे कानावर आले, त्याबद्दल आभार.

क्षितिज_पार्ले

घर खरोखर झपाटलेले आहे की सगळे एलिनॉरच्या मनातले आहे, हा प्रश्न इथे कोणी विचारला नाही याचे मला आश्चर्य वाटते. ठोके आणि थंडी थिओडोरालाही जाणवतात, आणि बैठकीच्या खोलीत दार आतल्या बाजूला फुगते ते चौघांच्या समोर. तो नुसता भास नाही. खडूचे अक्षर मात्र कोणी लिहिले हे कोणीच पाहिलेले नाही, आणि एलिनॉरवर संशय घ्यायला जागा आहे. लहानपणी तिच्या घरावर दगड पडले होते, म्हणूनच तिला निवडले गेले. तेव्हा ठोके घराचे आणि इच्छा तिची, असेही म्हणता येईल. अखेरच्या प्रसंगात गाडीचे चक्र तिच्या हातातून कोणीतरी ओढून घेत आहे असे दिसते, आणि त्याच वेळी शेवटी आपल्या आयुष्यात काहीतरी घडत आहे असा तिला आनंदही होतो. गाडी ज्या झाडावर आदळते तिथेच घराच्या पहिल्या मालकिणीचा मृत्यू झाला होता.

१९९९ सालच्या नव्या आवृत्तीत संगणकाच्या साहाय्याने पुतळे हलतात, पलंगाला पंजे फुटतात आणि घरमालकाचे भूत प्रत्यक्ष दिसते. जुन्या चित्रपटातले फुगणारे दार म्हणजे पातळ थर चिकटवून केलेले लाकूड होते आणि पलीकडून एक धडधाकट माणूस ते ढकलत होता. मी दोन्ही पाहिले आहेत, आणि मला आठवते ते दार.

लालबागकर

आमच्या परिसरातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतो. तिथे हा दाखवण्याचा विचार आहे. बहुतेक प्रेक्षक साठीच्या पुढचे आहेत आणि भयपट म्हटले की नाके मुरडतात. कोणती प्रत घ्यावी, आणि आधी काही सांगावे का?

संधिकाल

लालबागकर, जरूर दाखवा. मूळ रुंदीचीच प्रत घ्या, म्हणजे पडद्यावर वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसतील. जुन्या दूरचित्रवाणीसाठी कडा कापलेल्या प्रतीत एका टोकाला एलिनॉर आणि दुसऱ्या टोकाला दार असे चित्र मिळत नाही, दोहोंपैकी एकच उरते आणि मधली रिकामी जागा नाहीशी होते. उपशीर्षके लावा, कारण संवाद भरभर आहेत. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा आणि पंखे शक्य असल्यास कमी वेगावर ठेवा, नाहीतर पुटपुटणे ऐकू येणार नाही. आधी भूत, झपाटणे यांविषयी काही सांगू नका. आजारी आईची सेवा केलेल्या आणि आता बहिणीच्या घरी राहणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे, एवढेच सांगा.